निरोप ठेवला

ऋता रडली नाही. गुरुवारपासून ही एकच गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

रडली असती तर पाठीवरून हात फिरवला असता, पाणी दिलं असतं, काहीतरी केलं असतं. ती संध्याकाळी आली ती माझा स्टीलचा डबा परत करायला. डबा ओट्यावर ठेवला, झाकण सरळ केलं आणि गाडीची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाली, "आई, त्या शर्वरीला निरोप पोचलाच नव्हता. तिला परीक्षेचा फॉर्म भरता आला नाही. सोमवारी मी प्राचार्यांना लिहून देणार आहे, चूक माझी म्हणून."

मी म्हटलं, "जेवून जा."

"नको, निखिल वाट बघत असेल," म्हणाली आणि गेली.

शर्वरीसाठी तो फोन ऋतानं केलाच नव्हता. मी केला होता. हे तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि त्या दिवशी दोघींपैकी कुणीही ते बोललं नाही. तेव्हापासून मी स्वयंपाक करते, कपडे वाळत घालते, यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या काढून देते. आत काही हलत नाही. पायाला मुंग्या आल्यावर तो पाय आपला वाटत नाही, तसं सगळं अंगच झालं आहे.

ऋता आमची एकुलती एक मुलगी. अडतीस वर्षांची. सियालदह स्टेशनपासून दहा मिनिटांवर एक जुनं कॉलेज आहे, तिथं भूगोल शिकवते. जावई निखिल न्यू टाउनला सॉफ्टवेअर कंपनीत, त्यामुळे दोघं तिकडेच राहतात. तिच्याबद्दल पेपरात कधी काही छापून आलेलं नाही, येण्यासारखं तिनं काही केलेलंही नाही. रोज मेट्रोनं जाते, शिकवते, पेपर तपासते, परत येते.

ती सहा वर्षांची असताना आम्ही इथं कलकत्त्याला आलो. माझे यजमान श्यामसुंदर बँकेत होते. नागपूरहून बदली झाली आणि बालीगंजला बँकेनं घेतलेल्या फ्लॅटमध्ये आम्ही उतरलो. घरात फोन नव्हता. तळमजल्यावर घोषालांकडे होता. माझ्या माहेरचा फोन यायचा तो त्यांच्याकडे, आणि घोषालगिन्नी, म्हणजे घोषालबाई, हातातलं काम टाकून दोन जिने चढून यायच्या. आम्ही घरी नसलो तर दाराच्या फटीत चिठ्ठी. सात वर्षांत त्यांनी एकही निरोप चुकवला नाही. वडील गेल्याचा निरोपही त्यांनीच आणला. तेव्हा त्या माझ्याजवळ जमिनीवर बसून राहिल्या होत्या. हे इथं मुद्दाम लिहिते, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

पुढं यांच्या आणखी दोन बदल्या झाल्या, पण ऋताच्या शाळेसाठी आम्ही दोघी इथंच राहिलो. शेवटी हेही परत आले आणि इथंच निवृत्त झाले. ऋताचं शिक्षण बंगाली मुलींमध्ये झालं. पैसे मोजायची ती बंगालीत, स्वप्नात बहुतेक बंगालीतच बोलत असावी. तिचं मराठी सगळं माझ्याकडून आलेलं. दुसरं कुणी मराठी बोलणारं रोजचं नव्हतंच. त्यामुळे तिच्या तोंडी माझीच वाक्यं असतात, माझ्याच सुरात.

त्यातलं एक वाक्य, "राहू दे, मी करते."

ती सातवीत असताना वर्गाचं भित्तिपत्रक पाच मुलींना मिळून करायला दिलं होतं. चौघींनी काही केलं नाही. ऋतानं चार दुपारी बसून एकटीनं सगळं लिहिलं, चित्रं काढली आणि खाली पाचही नावं घातली. बाईंनी पाचही जणींचं कौतुक केलं. घरी येऊन तिनं मला सांगितलं तेव्हा मला इतका अभिमान वाटला की मी ते घोषालगिन्नींना सांगितलं, पत्रातून बहिणीला कळवलं. ऋताला म्हटलं, "असंच असावं. आपण बाहेरचे. आपलं कुणाला ओझं होता कामा नये." त्या चौघींनी काम का केलं नाही, हे मी विचारलं नाही. तिनं त्यांना सांगितलं होतं का, हेही नाही.

मी स्वतः तरी काय वेगळं करत होते? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकशेवीस पानांचा स्वयंपाक दहा वर्षं माझ्याकडे होता. समितीत आम्ही सहा जणी. एकदा सुमन दिघे पुलावाचा झारा घेऊन उभी राहिली, तर मी तो तिच्या हातातून काढून घेतला. ती हसत म्हणाली, "शकुनताई, तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळ्या पाहुण्याच हो." सगळे हसले, मीही हसले. पुढच्या वर्षी सुमन आली नाही. मी सगळ्यांना सांगत फिरले की हल्ली कुणाला काम नको असतं.

ऋता एम.ए. झाली, पीएच.डी. झाली, कॉलेज सर्व्हिस कमिशनच्या मुलाखतीतून या कॉलेजात लागली. कॉलेजातली निम्मी मुलं उपनगरी गाड्यांनी येतात, कॅनिंगकडून, लक्ष्मीकांतपूरकडून, बनगावकडून. बरीचशी घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. चार वर्षांपूर्वी तिला समान संधी कक्षाची संयोजक केलं. हा कक्ष काय ते तिनंच मला समजावलं होतं. जात, गरिबी, भाषा, अपंगत्व, लांबचा प्रवास, कशामुळेही एखादा विद्यार्थी मागं पडत असेल तर त्याची दखल घेणारी ही समिती. पाटीवर पाच नावं. अध्यक्ष म्हणून स्वतः प्राचार्य, मग बंगालीच्या आभा सेन, हिंदीचे जयप्रकाश, अर्थशास्त्राचा सुश्रुत आणि संयोजक ऋता.

ज्या रविवारी तिनं ही बातमी आणली तेव्हा हे म्हणाले, "तुलाच का गं? तिथं सीनियर माणसं नाहीत?"

"प्राचार्य म्हणाले, तू कुठल्याच गटातली नाहीस. शिक्षकांच्या दोन्ही संघटनांना चालशील."

"म्हणजे दोन्हीकडचं काम तुझ्यावर टाकता येईल."

"बाबा, तुम्हाला ना प्रत्येक गोष्टीत बँक दिसते."

"बँकेत निदान दोन सह्या लागायच्या. एकट्यानं तिजोरीही उघडत नव्हती."

मी यांना गप्प केलं. म्हटलं, तिच्यावर विश्वास आहे म्हणूनच दिलं ना? आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

त्या समितीच्या सभा कशा होतात, ते ऋता हसत सांगायची. इतिवृत्त ती आदल्या दिवशीच लिहून ठेवायची. सभेच्या वेळी कुणाचा तास असायचा, कुणाची गाडी. मग ती रजिस्टर घेऊन स्टाफरूममध्ये टेबलाटेबलावर फिरायची. जयप्रकाश सर चहाचा कप न ठेवता विचारायचे, "कुठं करू, बेटी?" आणि तिनं बोट ठेवलेल्या जागी सही करायचे. सुश्रुत म्हणायचा, "ऋतादी, मी काय काय ठरवलंय ते एकदा सांगून ठेवा, कुणी विचारलं तर." सगळ्यांची माणसं म्हणून वागणूक चांगली होती. ऋता आजारी पडली की सगळ्यांचे फोन यायचे. रजिस्टरमध्ये मात्र पाच सह्या आणि काम एकीचं, असं चार वर्षं चाललं.

आता हजेरीचं सांगते. ऋताच्या कॉलेजात साठ टक्क्यांच्या खाली हजेरी गेली की विद्यार्थी "डिसकॉलेजिएट" ठरतो. त्याला त्या सेमिस्टरचा फॉर्म भरता येत नाही. पण खरीच अडचण असेल, विद्यार्थ्यानं मुदतीत अर्ज दिला आणि समितीनं शिफारस केली, तर दोन-चार टक्के माफ होतात. यंदा साठच्या खाली एकेचाळीस जण होते. प्रत्येकाला फोन करून अर्जाबद्दल सांगायचं, असं ठरलं. त्याआधी सप्टेंबरात, हजेरी घसरतेय हे कळवायच्या फोनांसाठी, ऋतानं यादीचे पाच कागद केले होते, प्रत्येकाला एक. ते कागद एकेक करून तिच्याकडेच परत आले.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती आमच्याकडे होती. ताप होता, समोर उत्तरपत्रिकांचा ढीग, आणि मध्येच फोन लावत होती. आवाज बसलेला. मी म्हटलं, "दे इकडे दोन कागद. मला काय काम आहे?"

"तुला जमेल, आई? बंगालीत बोलावं लागेल."

"तीस वर्षं गरियाहाटला भाजी घेते मी."

"भाजी नाहीये ही."

"मुलंच आहेत ना? मग झालं."

तिनं मला बजावून सांगितलं. विद्यार्थ्याशी नाहीतर त्याच्या आईवडिलांशीच बोलायचं. दुसऱ्या कुणी उचलला तर संध्याकाळी पुन्हा करायचा. बुधवार शेवटची तारीख. माझ्या वाट्याला सोळा नावं आली.

मला मजा आली, हे कबूल करायला हवं. एका मुलाच्या आईनं विचारलं, "तुम्ही कॉलेजच्या मॅडाम का?" मी म्हटलं, मॅडामची आई. ती ओरडून घरात सांगायला लागली, "ओगो, ऐकलंत का, मॅडामच्या आईलासुद्धा कामाला लावलंय कॉलेजनं!" हे पलंगावरून म्हणाले, "आता मलाही एक कागद द्या, म्हणजे पाच जणांची समिती आपल्या घरातच पूर्ण होईल." निखिल हसला, ऋता खोकत हसली.

अकरावं नाव शर्वरी नस्करचं होतं. फोन एका पुरुषानं उचलला. मागं शिवणयंत्र चाललं होतं. शर्वरी शेजारच्या घरातली, म्हणाला, तिच्या घरचा फोन बिघडलाय म्हणून हा नंबर दिलाय. काय सांगायचं ते सांगा. मी सगळं सांगितलं, अर्ज, बुधवार. तो म्हणाला, "बोले देबो, दीदी, सांगतो तिला, चिंता नाही."

मला एकदम बरं वाटलं. घोषालगिन्नी आठवल्या. शेजारचा फोन, शेजारचा निरोप, अशीच तर आम्ही इथं सात वर्षं काढली होती. मी कागदाच्या कडेला मराठीत लिहिलं, "शेजारी शिंप्याने उचलला. निरोप ठेवला." कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, मी उठले. संध्याकाळी फोन केला नाही. तसं मनातही आलं नाही.

शर्वरी ऑक्टोबरातल्या दुर्गापूजेपासून त्या घरात राहतच नव्हती. ती मावशीकडे राहायला आली होती, सियालदहजवळ. मावशीचा घाऊक बाजाराबाहेर भाजीचा गाळा आहे. सकाळी दहापर्यंत शर्वरी तिथं बसते, म्हणून तिचा पहिला तास बुडतो. हजेरी अठ्ठावन्न टक्के. दोन टक्क्यांसाठी एक अर्ज हवा होता. शिंपी विसरला की त्यानं कुणाला सांगितलं, ते कुणाला माहीत नाही.

हे सगळं मला शनिवारी आभादींकडून कळलं. आभा सेन, ऋताच्या समितीतल्याच. ऋताच्या लग्नापासून आमची ओळख आहे. साबुदाण्याच्या खिचडीची कृती विचारायला त्या मला दर वर्षी फोन करतात आणि दर वर्षी साबुदाणा जास्त भिजवतात. शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं खिचडीच. आम्ही निम्मं हिंदी, निम्मं बंगाली बोलतो.

"शकुनदी, ऋता घरी काही बोलली का?"

"थोडं."

"गुरुवारी शर्वरी मावशीला घेऊन स्टाफरूममध्ये आली. मावशीच्या हाताला माती तशीच होती, गाळा सोडून आली होती बिचारी. म्हणाली, आम्हाला कुणी कळवलं नाही. ऋतानं कागद काढला. त्यावर मराठीत काहीतरी लिहिलं होतं. तिनं वाचलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, फोन मी केला होता, निरोप ठेवला होता, पुन्हा करायला हवा होता, चूक माझी."

जुन्या काळी असं काही ऐकताना मी फोनची वायर बोटाला गुंडाळत असे. आता वायर नाही. मी पदर गुंडाळत बसले.

आभादी पुढं म्हणाल्या, "ती सोमवारी अकरा वाजता पत्र देणार आहे, सगळी जबाबदारी माझी एकटीची. प्राचार्यांना ते सोयीचंच आहे. एका शिक्षिकेची वैयक्तिक चूक, तिला समज द्या, फाइल बंद. पण मग त्या मुलीचं काय? मी ऑफिसातल्या मोठ्या बाबूंना, हेडक्लार्कना, विचारलं. ते म्हणाले, समितीनं ठरवलेलं काम समितीनं केलं नाही, असं पाचही जणांनी लिहून दिलं तर ती कॉलेजची चूक होते. मग कॉलेजला विद्यापीठाकडे स्वतः अर्ज करावा लागतो, मुलीचा फॉर्म उशिरा घ्या म्हणून. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. एकटीनं लिहिलं तर नाही होणार."

"मग तुम्ही बाकीचे का नाही लिहीत?" माझा आवाज चढला असावा.

आभादी म्हणाल्या, "लिहीन ना. पण पत्र तिचं आहे, तिनं आम्हाला दाखवलंसुद्धा नाही. शकुनदी, खरं सांगू? सप्टेंबरात माझ्या कागदावर आठ नावं होती. आठवड्यात माझे तीन फोन झाले. मी हळू करते, एकेका पोरीशी वीस मिनिटं बोलते. ऋता आली, म्हणाली राहू द्या आभादी, मी करते. आणि कागद घेऊन गेली. मला वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं. त्या बऱ्या वाटण्याची मला आता लाज वाटते. त्या तीन पोरींत शर्वरी होती. पूजेनंतर मावशीकडे राहणार म्हणाली होती, म्हणून माझ्याकडे तिच्या मावशीचा नंबर होता."

फोन ठेवल्यावर मी वाटाणे सोलत बसले. सोललेले सालींत आणि साली पातेल्यात टाकत होते, ते यांनी दाखवलं तेव्हा कळलं.

आज रविवार. दोघं जेवायला आले. मी मटारची उसळ केली होती आणि नोलेन गुळाची गूळपोळी. हिवाळ्यात खजुराचा हा गूळ इथं मिळतो, तो घालून पोळी करायची सवय आम्हाला कलकत्त्यानंच लावली. हे ऋताला हसवायला बघत होते.

"काय संयोजकबाई, आज जेवण आहे की सभा?"

"सभेत निदान चहा मिळतो, बाबा."

"मिळतो, की तू करतेस?"

निखिल म्हणाला, "तीच करते. कपसुद्धा तीच विसळते, मी पाहिलंय."

"तुला कुणी बोलावलं होतं पाहायला?" ऋता म्हणाली. सगळे हसले. ऋताचं हसणं वेळेवर आलं, वेळेवर थांबलं. तिनं पाव पोळी खाल्ली.

निखिल भात वाढायला उठला. त्यानं पळी हातात घेतली तेवढ्यात ऋतानं ती काढून घेतली. "राहू दे, मी करते." त्यानं हात वर केले आणि बसला, सवयीनं. मी ते बघत होते. झारा काढून घेताना सुमनचा हात क्षणभर तसाच हवेत राहिला होता. इतक्या वर्षांत तो हात मला आज दिसला.

जेवणानंतर ती भांडी घासायला लागली. बाई येणार आहे, म्हटलं, तरी.

मी म्हटलं, "ऋता, तो फोन..."

"आई, तो विषय संपलाय. तुझं नाव कुठंही येणार नाही. मराठीत लिहिलंय, तिथं कुणाला वाचता येतंय?"

"नाव येईल म्हणून नाही म्हणत मी."

"मग?"

मी विचारलं, "त्या मुलीचं काय?"

"तिला मी शिकवीन. शनिवारी शनिवारी, मावशीच्या गाळ्यावर जाऊन. पुढच्या वर्षी तिचा एकही तास बुडणार नाही हे बघीन."

"तेही तूच?"

तिनं पातेलं पालथं घातलं. "मग कोण, आई?"

ती चिडून म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती खरंच विचारत होती. तिला दुसरं कुणी दिसतच नव्हतं. आभादी तिच्या टेबलापासून सहा फुटांवर बसतात. जयप्रकाश सरांचं निम्मं आयुष्य हिंदी बोलणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहं धुंडाळण्यात गेलंय, आभादींनीच एकदा सांगितलं होतं. त्यांना फक्त सही कुठं करायची ते विचारायची सवय लागली, कारण तिनं त्यांच्याकडे तेवढंच मागितलं. त्यांची चूक नाही असं मी म्हणत नाही. चार वर्षं न वाचता सही करणारा माणूस निर्दोष नसतो. प्राचार्य तर अध्यक्ष आहेत, पाटीवर पहिलं नाव त्यांचं. पण आज माझी मुलगी त्या सगळ्यांना सोडवायला निघाली आहे, मला धरून, आणि ते करताना एका भाजीवाल्या बाईच्या भाचीचं वर्ष तिच्या हातून दुसऱ्यांदा जाणार आहे. आभादींशी बोलणं झालंय हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "डब्यात उसळ देऊ का?"

ती उसळ घेऊन गेली.

ती गेल्यावर मी पहिल्यांदा ठरवलं की उद्या सकाळी स्वतः कॉलेजात जायचं. प्राचार्यांसमोर उभं राहून सांगायचं, फोन मी केला. आभादींना सोबत घ्यायचं, पत्राचा मसुदा यांच्याकडून लिहून घ्यायचा, बँकेत यांनी खूप लिहिलेत. साडी कुठली नेसायची इथपर्यंत ठरलं होतं. मग लक्षात आलं की हेच ते. तिच्या हातातला कागद मी परत काढून घेत होते. तिला न विचारता, तिच्या भल्यासाठी.

हे झोपले आहेत. झोपण्याआधी एवढंच म्हणाले, "शकुन, दोन सह्यांशिवाय तिजोरी का उघडत नव्हती, माहीत आहे? चोरीसाठी नाही फक्त. एकटा माणूस चुकला तर त्याला कुणी सांगणारं हवं म्हणून."

मी म्हटलं, "झोपा आता."

तिला काय सांगायचं ते मी जुळवून बघितलं. त्या रविवारी शर्वरीचा निरोप मी ठेवला आणि संध्याकाळी पुन्हा फोन केला नाही. हे पत्रात माझ्या नावानं लिही. मग आभादींना फोन कर, मी नाही करणार, तू कर. त्यांच्याकडे मावशीचा नंबर होता, हे त्यांच्याच तोंडून ऐक. जयप्रकाश सरांना आणि सुश्रुतला पत्र वाचायला दे, सहीची जागा दाखवू नकोस. प्राचार्यांची सही शेवटी नको, पहिली घे. ते नाही म्हणाले तर नाही म्हणू देत, पण त्यांना म्हणावं लागू दे. आणि भित्तिपत्रकाचंही सांगायचं आहे. की मी तेव्हा चुकीच्या गोष्टीला शाबासकी दिली. हे सगळं सांगता येईल की नाही, माहीत नाही. पहिलं वाक्य तरी येईल.

ती ऐकेल का, तेही माहीत नाही. ऐकलं तरी चौघं सही करतील, कॉलेज अर्ज करील आणि शुक्रवारपर्यंत त्या मुलीचा फॉर्म जाईल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मला अजून काही वाटतही नाहीये. बोटं गार आहेत, ती थंडीनं असतील.

सकाळपर्यंत थांबले तर ओट्याशी उभं राहून मी पुन्हा डब्याबद्दलच बोलेन. ती जागी असणार. पत्र लिहीत असेल. फोनमध्ये निखिलचा नंबर सगळ्यात वर दिसतोय, तो लगेच उचलतो, म्हणेल, आई, सांगतो तिला सकाळी.

त्याला नाही करायचा. आता ऋतालाच फोन लावते. तिनं उचलला नाही तर पुन्हा लावीन, ती स्वतः बोलेपर्यंत.